नवे गुरुजी शाळेवर रुजू झाले. कागद आणि फळा यांचा मेळ कसा घालायचा?

बीड : १ जूनला फेसबुक उघडून बघा. गावातल्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी जणांचा वाढदिवस त्याच दिवशी निघतो. आता एवढी माणसे काही एकाच दिवशी जन्मली नाहीत. घरात तारीख कुणाला माहीत नव्हती. आई सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, नाहीतर ज्या साली विहीर खणली त्या साली झाला. शाळा जूनमध्ये उघडायची, वयाची अट बसवायची असायची. गुरुजींनी १ जून लिहून टाकले. त्या एका ओळीवर पुढे नोकरी लागली, निवृत्ती झाली, आणि आज पेन्शन चालू आहे.

दुसरे उदाहरण अजून ताजे आहे. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा महसुली कागदांबरोबर जुन्या शाळांची रजिस्टरेही कपाटातून बाहेर काढावी लागली. जिथे पाने जपलेली होती तिथे नोंद बघता आली. जिथे पान फाटलेले किंवा वाळवीने खाल्लेले, तिथे विषयच संपला. ज्या गुरुजींनी ती ओळ लिहिली त्यांना साठ-सत्तर वर्षांनंतर ती कुणाच्या उपयोगी पडेल याची कल्पनाही नसेल.

सांगायचा मुद्दा असा, की जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक नुसता शिकवत नाही, तो गावाचे दप्तरही सांभाळतो. पवित्र पोर्टलमार्फत निवड झालेली नवी मुले-मुली वाडी-वस्तीच्या शाळांवर रुजू होतात. कुणी विदर्भातून येते, कुणी खानदेशातून, कुणी शेजारच्याच तालुक्यातून. डी.एड.ला पाठ कसा घ्यायचा ते शिकवतात, टीईटीला मानसशास्त्र विचारतात. पण कपाटाच्या किल्ल्या हातात आल्यावर आधी काय बघायचे, हे कोणत्याच पुस्तकात नसते. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून महिना १६ हजार रुपये मानधन, खोलीचे भाडे, गाडीचे पेट्रोल, आणि वर हे कागद. यात नवा माणूस गोंधळतो. गोंधळला की पहिला मार बसतो तो मुलांच्या तासांना.

तासांचा हिशेब आधी

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे लहान वर्गांना दिवसाला सरासरी ४ तास शिकवणे व्हायलाच पाहिजे.

आता गणित मांडू. शिक्षकाचा रोज अर्धा तास जरी रजिस्टर शोधण्यात, लिंक भरण्यात आणि 'तात्काळ माहिती' पाठवण्यात गेला, तरी २०० दिवसांचे १०० तास होतात. ४ तासांचा दिवस धरला तर २५ दिवस. सुट्ट्या धरल्या तर शाळेचा एक महिना उडाला. गावात कुणाला दिसत नाही, कारण शाळेला कुलूप नसते, गुरुजीही हजर असतात.

कागद टाळता येत नाहीत. टाळूही नयेत, कारण पोषण आहार, शिष्यवृत्ती, गणवेश, पुस्तके हे सगळे त्याच कागदांवरून मुलापर्यंत येते. पण कोणता कागद कधी लिहायचा हे ठरवता येते. नव्या शिक्षकाने पहिल्या महिन्यात हेच ठरवायचे. शेतात घात साधली तर एका पाळीत काम होते. घात गेली की तीन पाळ्या घालूनही ढेकळे फुटत नाहीत. दप्तराचेही तसेच आहे.

चार्ज घेताना घाई नको

समजा, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा आहे. पट ३८. कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद १५० च्या पुढे. त्यामुळे अशा शाळेत दोघांपैकी जो ज्येष्ठ त्याच्याकडे मुख्याध्यापकाचा चार्ज असतो. त्यांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले, की कधी कधी वर्ष-सहा महिन्यांच्या नव्या माणसाच्या गळ्यात तो येऊन पडतो.

अशा वेळी जुने सर हार-तुरे घेऊन निघायच्या घाईत असतात आणि नवा माणूस संकोचाने काही विचारत नाही. 'सगळे कपाटात आहे' एवढ्यावर चार्ज होतो. नंतर तीन महिन्यांनी कळते की टॅब यादीवर आहे पण कपाटात नाही.

चार्ज यादीवर सही करण्याआधी चार गोष्टी डोळ्यांनी बघाव्यात. पहिली, जनरल रजिस्टर म्हणजे प्रवेश-निर्गम रजिस्टर : किती खंड आहेत, कोणत्या सालापासूनचे आहेत, कोणती पाने सुटली आहेत. दुसरी, डेडस्टॉक : टेबल, खुर्च्या, वजनकाटा, टीव्ही, टॅब, एकेक वस्तू मोजून. तिसरी, पैसा : शाळा व्यवस्थापन समितीचे खाते, कॅशबुक आणि पासबुकातली शिल्लक एक आहे का. चौथी, तांदूळ : रजिस्टरवर जेवढा दिसतो तेवढा गोणीत आहे का. नसेल तर आहे तेवढाच लिहून घ्यायचा. भांडण करायचे नाही, पण 'होईल नंतर बरोबर' असेही म्हणायचे नाही. सही झाली की ती तूट नव्याच्या नावावर.

जनरल रजिस्टर हे शाळेतले सगळ्यात मोलाचे पुस्तक. ते ओल लागणार नाही, वाळवी पोचणार नाही अशा जागी, शक्यतो पत्र्याच्या पेटीत किंवा लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवावे. जुन्या खंडांचे मोबाईलवर फोटो काढून त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर ठेवली, तर जात पडताळणीसाठी आजोबांचा उतारा मागायला आलेल्या माणसासाठी दर वेळी जुनी पाने उलटावी लागत नाहीत. पाने कमी हाताळली की जास्त टिकतात.

नवीन नोंद करताना पालकाला समोर बसवून, जन्म दाखला हातात घेऊन लिहावे आणि लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे. दाखला नसेल तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, कायदा तसे सांगतो. पण म्हणून मनाने तारीख टाकायची नाही. आजीला, अंगणवाडी ताईंना, आशाताईंना विचारायचे. अंगणवाडीत नोंद असते. १ जूनचा जमाना गेला. खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. या रजिस्टरातली चूक सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीशिवाय दुरुस्त करता येत नाही. ती दुरुस्ती करून घ्यायला पुढे त्या पोराला किती चकरा माराव्या लागतील, हे त्या दोन मिनिटांत ठरते.

रोजचे ते रोजच

हजेरी आणि पोषण आहार ही दोन रजिस्टरे रोजची. यात गोंधळ होतो तो 'शनिवारी एकदम लिहू' म्हटल्याने. शनिवारी आठवत नाही, मग अंदाजे भरले जाते, आणि अंदाजात दोन रजिस्टरे एकमेकांशी बोलत नाहीत.

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. लहानांच्या जेवणात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, मोठ्यांच्या ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने हे योजनेचे माप आहे. वरच्या उदाहरणातल्या शाळेत ३८ पैकी ३२ मुले आली, तर तांदूळ लागला ३ किलो २०० ग्रॅम. आहार रजिस्टरला सवयीने ३८ लिहिले तर ३ किलो ८०० ग्रॅम. रोजचा फरक ६०० ग्रॅम. २० दिवसांत १२ किलो. चोरी कुणी केलेली नसते, पण तपासणीला आलेला अधिकारी गोणी मोजतो आणि खुलासा मागतो. उलटेही होते. तांदूळ लवकर संपतो आणि महिनाअखेर मुले पातळ भातावर येतात.

उपाय साधा आहे. परिपाठ झाला की हजेरी. हजेरीचा आकडा त्याच क्षणी फळ्याच्या कोपऱ्यात आणि स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहायचा. स्वयंपाकी ताई तेवढ्याच मापाने तांदूळ काढतात. जेवणाआधी चव घेतली की लगेच चव रजिस्टरला सही. मुले हात धुऊन बसेपर्यंत आहार रजिस्टर आणि ॲपवरची नोंद पूर्ण. सगळे मिळून पाच-सात मिनिटे. तीच नोंद महिनाअखेर करायला बसले तर दोन संध्याकाळी जातात, आणि तरी जुळत नाही.

तांदूळ उतरवून घेताना गोणी मोजल्याशिवाय पावतीवर सही करू नये. वजनकाटा बंद असेल तर गावातल्या दुकानदाराचा आणावा. यात लाजण्यासारखे काही नाही. आडतीवर माल घालताना शेतकरीही काट्याकडे बघतोच.

एकच यादी, शंभर उत्तरे

नव्या शिक्षकाला सगळ्यात जास्त छळते ती माहिती. कधी आधार, कधी बँक खाते, कधी जात प्रवर्ग, कधी उंची-वजन, कधी अपार आयडी. दर वेळी वेगळा तक्ता, वेगळी लिंक. दर वेळी मुलांना 'उद्या आधार कार्ड आणा' म्हणायचे. निम्मी आणतात, निम्मी विसरतात, एक-दोघे हरवतात.

बारकाईने पाहिले तर वर्षभर मागितली जाणारी माहिती बरीचशी तीच असते. म्हणून जून-जुलैतच एक मूळ यादी करायची. प्रत्येक मुलासाठी एक ओळ. जनरल रजिस्टर नंबर, रजिस्टरप्रमाणे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, आधारवरचे नाव, आधार क्रमांक, विद्यार्थी आयडी, अपार आयडी, बँक खाते, पालकाचे चालू असलेले दोन मोबाईल नंबर. वजन-उंचीसाठी शेवटी कोऱ्या रकान्यांची जागा. संगणकावर जमत असेल तर एक्सेलमध्ये, नाहीतर लांब वहीत.

यादीत रजिस्टरचे नाव आणि आधारचे नाव शेजारी-शेजारी लिहिले, की फरक तिथेच दिसतो. एकीकडे 'स्वप्नील', दुसरीकडे 'स्वप्निल'. एकीकडे वडिलांचे नाव, दुसरीकडे आजोबांचे. हा फरक पहिलीत लक्षात आला तर पालकाला आधार केंद्रावर पाठवून सुटतो. पुढे शिष्यवृत्तीचा किंवा नवोदयचा फॉर्म भरताना शेवटच्या दिवशी लक्षात आला, तर हुशार पोराची संधी जाते.

यू-डायस प्लसची माहिती ३० सप्टेंबर ही तारीख धरून भरली जाते. शाळेला पुढे काय मिळणार, वर्ग किती, शौचालय आहे का, हे वरच्या कार्यालयाला त्यावरूनच कळते. मूळ यादी ऑगस्टअखेर तयार असली, तर सप्टेंबरात धावपळ होत नाही.

एक गोष्ट मात्र पाळायची. मुलांच्या आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. मागितले तर अधिकृत पोर्टलवर भरायचे, नाहीतर समक्ष द्यायचे. पालकाने तो कागद विश्वासाने दिलेला असतो.

मोबाईलला वेळ ठरवून द्या

केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, आहाराचा ग्रुप, प्रशिक्षणाचा ग्रुप. 'आजच', 'दुपारी १२ पर्यंत', 'शून्य असले तरी कळवा'. नवा माणूस घाबरून तास चालू असताना मोबाईल बघतो. समोर दुसरीची पोरे पाढा म्हणताना अर्ध्यावर थांबतात. गुरुजींचे लक्ष नाही हे त्यांना गुरुजींच्या आधी कळते.

ज्यांना वीस-पंचवीस वर्षे झाली ते शिक्षक दोन वेळा ठरवतात. एक परिपाठाच्या आधी, एक जेवणाच्या सुट्टीत. तिसरी वेळ शाळा सुटल्यावर. खरोखर तातडीचे काही असेल तर केंद्रप्रमुख फोन करतात. द्विशिक्षकी शाळेत दोघांनी आठवडा वाटून घ्यावा. या आठवड्यात टपाल एकाकडे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे. म्हणजे एका वेळी एक वर्ग तरी पूर्ण चालतो.

दिलेली प्रत्येक माहिती जावक रजिस्टरला एका ओळीत लिहावी आणि भरलेल्या लिंकचा स्क्रीनशॉट तारखेच्या नावाने ठेवावा. 'तुमची माहिती अप्राप्त' असे यादीत आले, की वाद न घालता तो पाठवून द्यायचा. तीच माहिती पुन्हा भरण्याचा वेळ वाचतो.

बाकी शिक्षणेतर कामांचे काय? कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकाला देता येतात असे म्हटले आहे. तेव्हा मतदार यादीचे काम आले तर ते करावेच लागते. अशा दिवशी शेजारच्या सहकाऱ्याला वर्ग सांभाळता यावा, म्हणून उद्याचे टाचण आजच टेबलावर ठेवलेले बरे.

जोडवर्ग : उद्याचे आज

एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. एकाच खोलीत दोन इयत्ता. इथे नियोजन कागदावरच राहिले तर एक वर्ग शिकतो आणि दुसरा वर्ग भांडतो.

वार्षिक नियोजन, घटक नियोजन, दैनिक टाचण हे सगळे दाखवायला नाही, वापरायला हवे. जोडवर्गाचे टाचण लिहायची सोपी पद्धत म्हणजे पानाचे दोन उभे भाग करायचे. डावीकडे एक इयत्ता, उजवीकडे दुसरी. ज्या वेळी डावीकडे 'तोंडी' आहे त्या वेळी उजवीकडे 'लेखी' किंवा 'गटकाम' असले पाहिजे. दोन्हीकडे तोंडी आले तर त्या तासाला गडबड होणार हे आदल्या दिवशीच कळते. शाळा सुटल्यावर दहा मिनिटे बसून उद्याचे पान लिहायचे, लागणारे कार्ड, काड्या, मणी टेबलावर काढून ठेवायचे. सकाळी साहित्य शोधण्यात पहिला तास जात नाही.

मूल्यमापनाचेही तसेच. आकारिक मूल्यमापनाची तंत्रे आठ आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. ऑक्टोबर आला की सगळ्या नोंदी एका बैठकीत लिहिल्या जातात आणि ३८ मुलांच्या नावापुढे 'चांगले वाचतो', 'अक्षर सुधारावे' हीच दोन वाक्ये फिरतात. त्याऐवजी रोज चार मुले धरायची. सोमवारी ही चार, मंगळवारी ती चार. त्या दिवशी त्या चौघांचे जे दिसले ते दोन शब्दांत लिहायचे. १९ मुलांचा वर्ग एका आठवड्यात फिरून होतो. वर्षाअखेर प्रगती पुस्तक लिहिताना आठवावे लागत नाही.

वाचनासाठी वर्गात एक तक्ता असावा : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. प्रथम संस्थेच्या असर पाहणीतही मुलांचे वाचन याच टप्प्यांवर तपासले जाते. कोणते मूल कुठे आहे ते महिन्यातून एकदा तपासून तारखेसह लिहायचे. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी गणिते यावीत, हे निपुण भारत अभियानाचे ध्येय आहे. ते गाठायचे तर तिसरीतल्या कोणत्या तीन मुलांना अजून जोडाक्षर येत नाही, हे शिक्षकाला नावानिशी माहीत हवे.

दसऱ्याआधीची यादी

आपल्या जिल्ह्यात सगळ्यात महत्त्वाचा कागद कोणता, असे विचारले तर तो दसऱ्याच्या आधी करायचा आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची गाडी रात्री लागते आणि सकाळी वर्गात सहा जागा रिकाम्या दिसतात. तेव्हा चौकशी करून उपयोग नसतो.

गणपतीच्या सुमारास घरोघर जाऊन विचारले तर कोण जाणार ते कळते. कोणत्या कारखान्यावर, आजी-आजोबा मागे राहणार का, मूल ठेवता येईल का. ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो आणि मुलाला गावातच दोन वेळचे जेवण मिळते. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून पालकाच्या हातात द्यायचे. त्यावर मुलाची इयत्ता आणि त्याला काय येते हे असते. तिथल्या शाळेने ते बघून मुलाला बसवून घ्यायचे असते. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही कायद्यातच आहे. कारखान्याच्या गावातल्या शाळेला एक फोन केला तर काम अजून सोपे होते.

इथे नव्या शिक्षकाची खरी परीक्षा असते. पट कमी झाला तर पद जाईल, या भीतीने गेलेल्या मुलाची हजेरी लावण्याचा मोह होतो. राज्यात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत पटपडताळणी झाली होती. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली, तेव्हा कागदावरची किती मुले खरी हे बाहेर आले. खोट्या हजेरीने पद काही काळ वाचते. पण त्या मुलाचे काय? जो रजिस्टरवर रोज हजर आहे, त्याला शोधायला कोण जाईल? त्याच्यासाठी वसतिगृह कोण मागेल? गैरहजर ही नोंद त्या मुलाची शिक्षा नाही, तो कुठेतरी फडावर आहे हे सांगणारा तोच एक कागद आहे.

टोळ्या परत येतात तेव्हा दुसरे सत्र संपत आलेले असते. वाचनाच्या तक्त्यावर त्या मुलाच्या नावापुढे ऑक्टोबरची तारीख आणि 'शब्द' असे लिहिलेले असेल, तर गुरुजी पहिल्याच दिवशी तिथून पुढे सुरू करू शकतात. लिहिलेले नसेल तर त्याला मागच्या बाकावर बसवून ठेवले जाते, आणि पुढच्या वर्षी ते मूल कोयताच हातात घेते.

स्वतःची फाईल विसरू नका

शाळेचे दप्तर नीट ठेवताना स्वतःचे कागद राहून जातात. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, जात वैधता, टीईटी आणि शैक्षणिक गुणपत्रके, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, रजेचे मंजूर अर्ज. यांचे तीन संच करावेत. एक खोलीवर, एक घरी आईवडिलांकडे, एक मोबाईलबाहेर दुसरीकडे साठवलेला. तीन वर्षांनी शिक्षणसेवकाचा नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव जातो तेव्हा हेच कागद लागतात. एका कागदासाठी प्रस्ताव परत आला तर नुकसान १६ हजारांवरच्या माणसाचे होते. रजा तोंडी सांगून घेऊ नये. एक दिवसाची असली तरी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

गावानेही थोडे करावे

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पण बऱ्याच गावांत सही घ्यायला रजिस्टर घरोघर फिरते. बैठक खरोखर शाळेत झाली, तर नव्या शिक्षकाची निम्मी कामे तिथेच होतात. आधारचा फरक, बंद झालेला मोबाईल नंबर, ऊसतोडीला कोण जाणार, हे सगळे एका तासात समजते. इतिवृत्त त्याच बैठकीत लिहून वाचून दाखवावे.

पालकांनी तास चालू असताना दाखल्यासाठी, उताऱ्यासाठी वर्गात शिरू नये. शाळेने आठवड्यातला एक दिवस आणि वेळ ठरवून दारावर लिहावी, गावाने ती पाळावी. तांदूळ उतरवायला एखाद्या पालकाने हात लावला तर गुरुजींचा तास वाचतो.

पहिल्या तीन महिन्यांत एवढे जरूर करा

- जून : चार्ज यादी मोजून घ्या. जनरल रजिस्टर सुरक्षित जागी हलवा. पहिलीची नोंद पालकासमोर करा.
- जुलै : मूळ यादी तयार करा. रजिस्टर आणि आधारमधले फरक काढा. वाचनाचा पहिला तक्ता लावा.
- ऑगस्ट : यू-डायसची माहिती जुळवा. समितीची बैठक शाळेतच घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची चौकशी सुरू करा.
- रोज : परिपाठानंतर हजेरी, जेवणाआधी आहार नोंद, चार मुलांची निरीक्षणे, सुटल्यावर उद्याचे टाचण.
- महिनाअखेर : हजेरी, आहार आणि गोणीतला तांदूळ, तिन्हींचा मेळ त्याच दिवशी.

यातली कोणतीही गोष्ट अवघड नाही आणि कशालाही वेगळा निधी लागत नाही. शाळा सुटल्यावरची वीस मिनिटे लागतात. ती दिली, तर दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर गुरुजींच्या हातात मोबाईल नसतो, खडू असतो.